उभं राहिलं की धडधड : अँटिबॉडीच्या तपासणीवर पैसे घालू का?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, सादर नमस्कार.

मी 26 वर्षांची आहे, पतसंस्थेत काउंटरवर काम करते. लग्नाला दीड वर्ष झालं. मागच्या पावसाळ्यात डेंगी झाला. ताप गेला, प्लेटलेट वाढल्या, पण त्यानंतर मी पूर्वीची राहिलेच नाही. ओट्यापाशी दहा मिनिटं उभी राहून पोळ्या केल्या की छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय जांभळट पडतात. आडवी झाले की थोड्या वेळात बरं वाटतं. गणपतीत आरती चालू असताना खाली बसावं लागलं, त्यावरून घरात बरंच बोलणं झालं.

हृदयाच्या इको आणि हॉल्टर या तपासण्या नॉर्मल आल्या. मग पुण्याला टिल्ट टेस्ट केली. झोपून नाडी 76 होती, उभं केल्यावर सहाव्या मिनिटाला 124. बीपी 112/74 होतं, ते 110/80 झालं. डॉक्टर म्हणाले, पॉट्स आहे, म्हणजे उभं राहिलं की नाडी फार वाढण्याचा आजार. मीठ-पाणी वाढवा म्हणाले आणि प्रोप्रानोलॉलची 10 मिलिग्रॅमची गोळी दिली. ती बीपीची गोळी आहे असं कळलं, म्हणून भीतीने घेतलीच नाही. घरातले म्हणतात, सगळं मनाचं आहे.

इंटरनेटवर वाचलं की हा ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते. आईला थायरॉइड आहे, माझा एएनए (ऑटोइम्यून आजारांसाठीची रक्ततपासणी) 1:80 ला पॉझिटिव्ह आलाय. परदेशातली एक लॅब रक्त मागवून अँटिबॉडीचं पॅनेल करून देते. ते पॉझिटिव्ह आलं की आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून देतात ते) घेऊन बरं वाटतं, असं काहींनी लिहिलंय. मिस्टर म्हणतात, कर्ज काढू. घरच्यांना दाखवायला हातात काहीतरी तर येईल. काय करू?

— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर

पॅनेल करू नकोस. आयव्हीआयजीसाठी कर्ज तर मुळीच काढू नका. एका कोर्सचा खर्च लाखांत जातो, आणि तुझ्यासारख्या पेशंटना त्याने फायदा होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण तू जे वाचलंस ते थोतांडही नाही. पॉट्सच्या मुळाशी रोगप्रतिकारशक्तीचा काही घोळ असावा, ही शंका जगातली चांगली चांगली माणसं घेतायत. शंका खरी आहे, पण तिच्या नावाने विकली जाणारी तपासणी तिच्या फार पुढे पळाली आहे.

आधी तुझा टिल्टचा रिपोर्ट बघू. मोठ्या माणसात उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी 30 किंवा जास्त ठोक्यांनी वाढली (12 ते 19 वयात 40 ने), त्याच वेळी बीपी पडलं नाही, आणि हा त्रास तीन महिन्यांहून जास्त चालला, तर त्याला पॉट्स म्हणतात. तुझी नाडी 48 ने वाढली आणि बीपी जागच्या जागी राहिलं. निदान करायला अँटिबॉडी लागत नाही, ते झालेलंच आहे. 'घरच्यांना दाखवायला हातात काहीतरी' म्हणतेस ना, ते तुझ्या फायलीत आधीच आहे. सहाव्या मिनिटाच्या 124 वर पेनाने गोल कर आणि तो कागद सासूबाईंसमोर ठेव. टिल्टच्या टेबलावर बांधलेल्या माणसाची नाडी टेबल उभं केल्यावर तेवढी वाढते आणि आडवं केल्यावर उतरते, यात मनाने करण्यासारखं काही नाही.

'मनाचं आहे' हा शिक्का तसा जुनाच आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांत छातीत धडधड, धाप आणि थकवा अशी तक्रार घेऊन येणारे बरेच निघाले. जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी 1871 मध्ये त्यांच्यावर लिहिलं. पहिल्या महायुद्धात अशांच्या त्रासाला 'सैनिकाचं हृदय' म्हणायचे. त्यातल्या किती जणांना आजच्या व्याख्येतला पॉट्स होता ते आता ठरवता येणार नाही, पण वर्णन वाचलं की ओळखीचं वाटतं. पॉट्स हे नाव 1993 मध्ये मेयो क्लिनिकच्या शॉन्डॉर्फ आणि लो यांच्या लेखामुळे रुळलं. रणांगणावरच्या पुरुषांची छाती धडधडली तर सैनिकाचं हृदय आणि ओट्यापाशी सुनेची धडधडली तर नाटक, हे काही मला पटत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे. आपण उभे राहिलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये दाब ओळखणारे सेन्सर असतात. ते मेंदूला कळवतात, आणि मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरएपिनेफ्रिन नावाचं रसायन सुटतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा-1 रिसेप्टरला, म्हणजे रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागेला, ते लागलं की वाहिन्या आवळतात, हृदयातल्या बीटा-1 ला लागलं की नाडी वाढते. दोन्ही मिळून वरचा रक्तपुरवठा टिकतो. तुझ्या बाबतीत आवळण्याचं काम नीट होत नाही, किंवा अंगात मुळात रक्ताचं प्रमाणच कमी आहे, किंवा दोन्ही. मग खालची टाकी अर्धी असताना गच्चीवर पाणी चढवायला मोटर नुसती घरघरत राहावी, तसं हृदय धावत राहतं. पाय जांभळे दिसतात ते तिथे साचलेल्या रक्तामुळे.

हे बिघडतं कशामुळे? पॉट्स एकाच कारणाने होत नाही. पण ऑटोइम्यूनचा संशय यायला तीन-चार गोष्टी पुरेशा आहेत. पेशंटमध्ये बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. बऱ्याच जणांना त्रास सुरू होतो तो विषाणूच्या तापानंतर. कोविडनंतर तर अशा पेशंटची रांगच लागली. आणि यातल्या काही जणांना हाशिमोटो थायरॉइड, शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडतं तो), सीलिअॅक (गव्हाने आतडं बिघडतं तो) असे पक्के ऑटोइम्यून आजारही असतात. अमेरिकेतल्या 100 पॉट्स पेशंटच्या एका पाहणीत दर पाचांमागे एकाला असा एखादा आजार निघाला, आणि त्यात हाशिमोटो सगळ्यांत जास्त. तुझ्या आईला थायरॉइड आहे म्हणून तू कान टवकारलेस, ते योग्यच केलंस.

संसर्गानंतर शरीर स्वतःवरच उलटतं, हे आपल्याकडे आता घरोघरी माहीत आहे. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत जीबीएसची, म्हणजे गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली. जुलाब बरे झाले आणि मग पायांतली ताकद गेली. कॅम्पिलोबॅक्टरसारख्या जंतूविरुद्ध शरीर अँटिबॉडी तयार करतं, जंतूचा काही भाग आपल्या मज्जातंतूंसारखा असतो, आणि त्या अँटिबॉडी तंतूंवरच तुटून पडतात. रिसेप्टरशी खेळणाऱ्या अँटिबॉडीही नव्या नाहीत. ग्रेव्हज आजारात अँटिबॉडी थायरॉइडचा रिसेप्टर दाबून धरते आणि ग्रंथी हॉर्मोन ओतत सुटते. तेव्हा अल्फा-1 किंवा बीटा-1 रिसेप्टरवर बसणारी एखादी अँटिबॉडी उभं राहण्याचं गणित बिघडवत असेल, ही कल्पना अजिबात विचित्र नाही.

2014 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठातल्या गटाने पॉट्सच्या पेशंटच्या रक्तात अशा अँटिबॉडी दाखवल्या. पुढे 2019 मध्ये सशांना या रिसेप्टरचे तुकडे टोचून त्यांच्यात अँटिबॉडी तयार करवल्या, तर सशांनाही उभ्या अवस्थेत धडधड सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच टोलेडो विद्यापीठातून 55 पेशंटचा अभ्यास आला आणि त्यात 89 टक्क्यांच्या रक्तात अल्फा-1 विरुद्धच्या अँटिबॉडी वाढलेल्या निघाल्या. तू जे वाचलंस ते बहुधा इथपर्यंतचं आहे. इथपर्यंत वाचलं तर मीसुद्धा म्हणेन, चला, कारण सापडलं.

पण 2022 मध्ये कॅनडात, कॅल्गरीच्या गटाने एक साधा प्रश्न विचारला: ज्यांना काहीच होत नाही, त्यांच्या रक्तात काय असतं? 116 पॉट्सचे पेशंट आणि 81 निरोगी माणसं घेतली, आणि तीच, विकत मिळणाऱ्या किटची तपासणी केली. अल्फा-1 च्या अँटिबॉडी 'पॉझिटिव्ह' निघाल्या 98.3 टक्के पेशंटमध्ये, आणि निरोगी माणसांमध्ये 100 टक्के. म्हणजे तुझं आणि तुझ्या नवऱ्याचं रक्त एकाच पार्सलमधून पाठवलं तर त्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येण्याचीच शक्यता. मग सासूबाईंना काय दाखवणार?

यात लॅबवाले खोटं बोलतात असं नाही. प्लास्टिकच्या ताटलीवर चिकटवलेल्या प्रथिनाला रक्तातली किती अँटिबॉडी चिकटते, एवढंच ती तपासणी मोजते. जिवंत पेशीवर बसून ती अँटिबॉडी काही उपद्व्याप करते की नुसती बसून राहते, हे त्यात कळत नाही. अशा अँटिबॉडी थोड्याफार आपल्या सगळ्यांच्याच अंगात असतात.

औषधाचंही तेच. ज्यांच्या पॉट्समागे ऑटोइम्यून कारण असण्याची शक्यता जास्त, अशा 30 पेशंटना निवडून अमेरिकेत चाचणी झाली. निम्म्यांना आयव्हीआयजी दिलं, बाकीच्यांना अल्ब्युमिन हे रक्तातलं साधं प्रथिन. कोणाला काय मिळालं ते पेशंटना माहीत नव्हतं. 2024 मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांत काही जणांना बरं वाटलं, आणि एका गटात नि दुसऱ्या गटात नाव घेण्यासारखा फरक नव्हता. चाचणी लहान होती हे खरं. अल्ब्युमिननेही शिरांमधलं पाणी टिकून राहतं, त्यामुळे त्या गटालाही थोडा फायदा झाला असेल, हेही खरं. त्याच वर्षी कोविडनंतरच्या पॉट्ससाठी एफगार्टिजिमॉड हे औषध तपासलं गेलं. रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडी सरसकट कमी करणारं हे औषध, आणि त्याचाही उपयोग दिसला नाही. याने सिद्धान्त मेला असं मी म्हणत नाही. पण कर्ज काढण्याइतका तो जिवंतही नाही. आयव्हीआयजीने डोकं भयंकर दुखू शकतं, रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, किडनीला त्रास होऊ शकतो. ज्यांना बरं वाटलं त्यांनी लिहिलं. ज्यांना काहीच झालं नाही ते इंटरनेटवर कशाला लिहायला बसतील?

अँटिबॉडी निर्विवादपणे गुन्हेगार आहे असा एक आजार मात्र आहे, आणि तो ओळखता यायला हवा. त्याचं नाव ऑटोइम्यून ऑटोनॉमिक गँग्लिओनोपॅथी. मेयो क्लिनिकच्या गटाने 2000 मध्ये तो नीट मांडला. यात मज्जातंतूंच्या गाठींमधल्या अॅसिटिलकोलिन रिसेप्टरवर हल्ला होतो, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत सगळी यंत्रणा बसते. तोंड आणि डोळे कोरडे पडतात, घाम येत नाही, पोट साफ होत नाही, लघवी तुंबते, उजेडात बाहुल्या लहान होत नाहीत. उभं राहिलं की बीपी धाडकन पडतं आणि नाडी वाढायला हवी ती वाढतच नाही. इथे आयव्हीआयजी, प्लाझ्मा बदलणं, स्टिरॉइड यांचा खरोखर उपयोग होतो. तुझी नाडी 48 ने वाढते आणि बीपी टिकतं, म्हणजे चित्र नेमकं उलटं. यातलं एखादं लक्षण मात्र पुढेमागे दिसायला लागलं तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा. तेव्हा ती एक अँटिबॉडी तपासायला मीच सांगेन.

मग तुझे पैसे कुठे घालायचे? सांगली-मिरजेतल्या कुठल्याही चांगल्या लॅबमध्ये होतील अशा तपासण्यांवर. टीएसएच आणि अँटी-टीपीओ या थायरॉइडच्या तपासण्या, कारण थायरॉइड जास्त चालत असेल तर तेवढ्यानेही नाडी पळते, आणि आईमुळे तुला धोका जास्त. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा. बी-12 नक्की. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, ते कमी असणं सर्रास आहे. ते फार कमी झालं तर मज्जातंतू बिघडतात आणि उभं राहिल्यावर चक्कर येते. आणि ते गोळ्यांनी भरत नसेल, तर जठरात त्याच्या शोषणाला आडकाठी करणारी अँटिबॉडी असू शकते. तो पक्का ऑटोइम्यून आजार आहे आणि इंजेक्शनने आटोक्यात राहतो. वारंवार जुलाब किंवा पोटफुगी असेल तर सीलिअॅकसाठी टीटीजी-आयजीए. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटत असेल, पाण्याशिवाय पोळी गिळत नसेल, तर शोग्रेनसाठी अँटी-आरओ. आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीचं हॉर्मोन, विशेषतः वजन उतरत असेल, उलट्या होत असतील किंवा तळहाताच्या रेघा आणि हिरड्या काळपट दिसत असतील तर. अॅड्रिनल ग्रंथी ऑटोइम्यून कारणाने थकते, आपल्याकडे टीबीनेही थकते, आणि ते चुकलं तर जिवावर बेततं.

एएनएचं मनावर घेऊ नकोस. 1:80 ला शंभरातल्या तेरा निरोगी माणसांचा एएनए पॉझिटिव्ह येतो. सांधे सुजणं, चेहऱ्यावर पुरळ, सतत तोंड येणं, लघवीतून प्रथिन जाणं यातलं काही असलं तरच त्या आकड्याला किंमत.

बीपीची गोळी म्हणून घाबरलीस ती गोळी घे. दमा असेल तर नको. तो आहे का ते तू लिहिलेलं नाहीस, म्हणून आधी तुझ्या डॉक्टरांना सांग. प्रोप्रानोलॉल बीपीसाठी देतात ते बरंच मोठ्या डोसमध्ये. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने 2009 मध्ये पॉट्सच्या पेशंटवर 20 आणि 80 मिलिग्रॅम असे दोन डोस पडताळले. 80 ने नाडी जास्त उतरली, पण पेशंटना बरं वाटलं ते 20 ने. तुझ्या डॉक्टरांनी 10 दिली, म्हणजे माणूस जाणकार आहे. हिने भागलं नाही तर आयव्हाब्रॅडिन, मिडोड्रिन असे पुढचे पर्याय आहेत. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर तेही त्यांना सांग, कारण आयव्हाब्रॅडिन गरोदरपणात चालत नाही.

आणि मीठ-पाणी, ज्याला सगळे हसतात. दिवसाला दोन ते तीन लिटर पाणी. मीठ एरवी आम्ही कमी करायला सांगतो, पण तुझ्या आजारात दिवसाला 10 ग्रॅमपर्यंत नेतात. बीपी, किडनी आणि हृदय ठीक असेल तरच, डॉक्टरांना विचारून, आणि फक्त तुझ्या ताटात. घरातल्या बीपीवाल्यांच्या आमटीत नाही. ताकात मीठ घाल. ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत 2.6 ग्रॅम मीठ असतं, एक लिटर काउंटरवर शेजारी ठेव. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी दोन मोठे ग्लास पाणी पी आणि मग दोन-चार मिनिटं कडेला बसून उठ. निर्जळी उपास बंद. हरतालिकेचाही, आणि यावर वाद झाला तर माझं नाव सांग. कढत पाण्याची आंघोळ नको, कोमट पाणी आणि बसायला स्टूल.

पाय आवळणारे लांब मोजे आपल्या उन्हाळ्यात कोणी घालत नाही, मला माहीत आहे. त्याऐवजी पोटाचा पट्टा लाव, बाळंतिणीला बांधतात तसला. पोटात साचणारं रक्त त्याने वर राहतं, आणि नुसत्या पोटऱ्या आवळण्यापेक्षा पोट आवळण्याने जास्त फरक पडतो. पोळ्या उंच स्टुलावर बसून लाट. लाटणाऱ्याला बसलेलं बघून पोळी फुगायची थांबत नाही. पतसंस्थेत साहेबांना लेखी अर्ज दे, खुर्ची मिळायलाच हवी. उभं राहणं टळतच नसेल तर पाय एकमेकांत अडकवून मांड्या आवळून धर.

व्यायामाचं नाव काढलं की पेशंट रडकुंडीला येतात, कारण चालायला गेलं की आडवे होतात. म्हणून चालायचं नाही. पाठीवर झोपून पाय उचलायचे, पाय पुढे टाकून बसायची सायकल मिळाली तर ती चालवायची, कृष्णेच्या काठची आहेस तर पोहता येत असेल. तलावात, सोबत कोणी असतानाच. आधी दहा मिनिटं पुरे. पहिले काही आठवडे उलट जास्त थकल्यासारखं वाटेल. फरक पडायला काही महिने जातात, आणि मला विचारशील तर यादीतलं सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत उपयोगी काम हेच आहे.

घरातल्यांसाठी एक प्रयोग सांगते. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, नवऱ्याला बीपीचं मशीन धरून बसव. तू दहा मिनिटं आडवी पड आणि नाडी-बीपी लिहू दे. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून उभी राहा. बोलायचं नाही, पाय हलवायचे नाहीत. दर मिनिटाला आकडा लिहायचा, दहा मिनिटं. त्याने शेजारीच उभं राहायचं, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच बसायचं. सासूबाईंना समोर खुर्चीवर बसायला सांग आणि दहाव्या मिनिटाला तुझी पावलं बघायला सांग. आकड्यांवर विश्वास नसणारी माणसंही जांभळ्या पावलांवर ठेवतात.

धावताना किंवा श्रम करताना शुद्ध हरपली, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असलं, किंवा जुलाबानंतर पायांतली ताकद जाऊन ती वर वर चढायला लागली, तर कशाचीही वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ.

बाकी, तपासण्यांचे रिपोर्ट आणि भिंतीजवळच्या नोंदी अशा दोन्ही घेऊन पुण्याच्या त्याच डॉक्टरांकडे साधारण दोन महिन्यांनी जा. गोळी चालू केल्यावरची एक नोंद आणि आधीची एक, दोन्ही बरोबर ने. डोस वाढवायचा की औषध बदलायचं, ते त्यांना त्यावरून ठरवता येईल.